फ्लेक्सवाल्या दादांना अनावृत पत्र

प्रिय दादा,

स.न.वि.वि.

तुमचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. एक तर तुम्ही एकटे नाही. महाराष्ट्रात जिथे एसटी स्टँड आहे, तहसील कचेरी आहे किंवा कॉलेजचं फाटक आहे, तिथे समोर तुम्ही आहातच. दुसरं म्हणजे, नाव घातलं आणि नेमकं त्याचंच स्पेलिंग चुकलं, तर तुम्ही हे पत्र कापून, लॅमिनेशन करून दुकानात लावाल.

दुकान मात्र डोळे मिटून सांगतो. बाहेरच्या पाटीवर फ्लेक्स, डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, पॅनकार्ड आणि 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. आत दोन कॉम्प्युटर. एकावर कोरल ड्रॉ उघडलेलं, दुसऱ्यावर कुठलंतरी सरकारी संकेतस्थळ मघापासून नुसतं गरगरतंय. मागच्या मशीनमधून एका भावी नगरसेवकाचं हास्य इंचाइंचानं बाहेर पडतंय. आणि तुमच्या तोंडी ते सुप्रसिद्ध वचन: "मॅटर व्हॉट्सअ‍ॅपला टाका, प्रूफ पाठवतो, ओके द्या, तासाभरात घेऊन जा." या तासाभरात तुम्ही इंग्रजी भाषेची जी सेवा करता, तिची दखल ऑक्सफर्डनं अजून घेतलेली नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिला मान पंक्चरवाल्यांचा. कुठल्याही हमरस्त्यावर, बाभळीला टांगलेल्या जुन्या टायरखाली तुमच्या हातची पाटी असते आणि तिच्यावर इंग्रजीत पी-यू-एन-सी-एच-ई-आर. वाचायला पंचर, हे खरंच. पण अर्थ ठोसे मारणारा. त्याच्या आधी तुम्ही 'ट्यूबलेस' घातलेलं असतं. म्हणजे मराठीत, 'आमचे येथे बिनट्यूबचा ठोसेबाज काढून मिळेल.' हवा गेलेल्या गाडीचा मालक ही पाटी वाचून गाडी ढकलत आनंदानं तिकडे जातो, ठोसेबाज काढून घेतो, पैसे देतो आणि मार्गस्थ होतो. कुणाचंही काही अडत नाही. आता खऱ्या स्पेलिंगकडे बघा. सी-टी-यू-आर-ई अशी पाच अक्षरं तिथे 'क्चर' एवढ्या एका आवाजासाठी उभी केली आहेत आणि त्यांतलं एकही सुटं घेतलं तर 'च' म्हणत नाही. सी-एच म्हणजे च, असं तुम्हाला पाचवीत शिकवलं होतं. तुम्ही ते लक्षात ठेवलंत, एवढाच तुमचा गुन्हा.

मद्याच्या बाबतीत मात्र तुम्ही हात फारच सैल सोडलात. काही ढाब्यांवर तुम्ही बी-ई-ए-आर विकायला ठेवलं, म्हणजे अस्वल. ते एक वेळ चालेल, वनखातं बघून घेईल. पण 'थंडगार बिअर' लिहायला घेतलीत आणि 'चिल्ड'मधला एक एल आणि ई गाळून सी-एच-आय-एल-डी एवढंच ठेवलंत, तेव्हा पाटीवर आली बालबिअर. महाराष्ट्रात बिअर प्यायला एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, दादा. तुम्ही एका फटक्यात ती अंगणवाडीत नेऊन सोडलीत.

आणि ती 'शॉपी'! हे तुमचं, म्हणजे तुम्हा सगळ्यांचं मिळून, खरं कर्तृत्व आहे, म्हणून इथे जरा थांबतो. शॉप या साध्यासुध्या शब्दाला जुन्या काळाचा थाट आणायचा म्हणून इंग्रज दुकानदारांनी त्याला डबल पी-ई असं शेपूट लावलं. नुसतं शोभेचं, उच्चार शॉपच. तुम्ही ते शेपूट खरं मानलंत, त्याला आणखी एक ई जोडलात, वाटलं तेव्हा एक पी काढून घेतलात आणि 'शॉपी' नावाची नवीकोरी स्त्रीलिंगी वस्तू महाराष्ट्राला दिलीत. ती शॉपी. साडी शॉपी, मोबाइल शॉपी, केक शॉपी. बिअर शॉपी तर इतकी रुजली की राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कागदांतही ती याच नावानं नांदते. ज्या शब्दावर सरकारी शिक्का बसला त्याला चूक म्हणायची माझी काय बिशाद? शेजवानचंही तेच. चीनचा सिचुआन प्रांत. जुने इंग्रज त्याचं स्पेलिंग एस-झेड नं सुरू करायचे. आपल्या चायनीज गाड्यांवर पोचेस्तोवर ते एस-सी-एच झालं आणि आता बाटलीबंद चटणीवरही तसंच छापलं जातं. उद्या त्या प्रांतातला कुणी मुंबईत आला आणि 'हे आमचं नव्हे' म्हणाला, तर त्याला आपण स्पेलिंगही शिकवू आणि वर ट्रिपल राईसही खायला घालू.

काही ठिकाणी तर लोक तुम्हाला उगाचच हसतात. केस कापायच्या दुकानावर तुम्ही डबल ओ घालून सलून लिहिता. अमेरिकेहून आलेल्या भाच्याला हसू फुटतं, कारण तिकडे त्या स्पेलिंगचा अर्थ दारूचा गुत्ता. त्याला सांगा की ब्रिटनमध्ये न्हाव्याच्या दुकानाला डबल ओवालं सलूनही म्हणायचे; तू ज्या देशात राहतोस तो देश नंतर बिघडला. शालेय वस्तूंच्या दुकानावर 'स्टेशनरी' लिहिताना तुम्ही हटकून शेवटी ई ऐवजी ए घालता आणि मग त्याचा अर्थ 'जागचे न हलणारे' असा होतो. शाळामास्तर त्यावर बोट ठेवतात. मास्तरांना हे ठाऊक नसतं की मुळात स्टेशनर म्हणजे फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा दुकानदार. दोन्ही शब्द एकाच घरातले, ए आणि ई ही वाटणी मागाहून झालेली. आपल्याकडचं शालेय वस्तूंचं दुकान जूनचा पहिला आठवडा सोडला तर जागचं हलत नाहीच. तेव्हा या कलमाखाली तुम्ही निर्दोष.

लग्नाच्या मांडवाला तुम्ही 'वेलकम' दोन तुकडे करून आणि पहिल्या तुकड्यात एक एल जास्त घालून लिहिता. 'विहिरी, ये.' तेही सोडून देऊ, लग्नघरात पाण्याची सोय झालेली बरी. पब्लिक नोटिशीतल्या 'पब्लिक'मधला एल एकदा तुमच्याकडून गळाला होता. त्यावर मी इथे काहीच लिहीत नाही, हा अंक घरातली मुलंही वाचतात. मात्र श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं काय करायचं? चौकात आठ बाय बाराचा फ्लेक्स, मधोमध गेलेल्या आजोबांचा फेट्यातला फोटो, भोवती हात जोडलेले कार्यकर्ते, आणि खाली सोनेरी अक्षरांत रेस्ट इन पीस. हे पीस पी-ई-ए-सी-ई असायला हवं होतं. तुम्ही पी-आय-ई-सी-ई केलंत. आजोबांनी आता तुकड्यातुकड्यांनी विश्रांती घ्यावी, अशी ती शोकाकुल मित्रमंडळाची इच्छा तेराव्यापर्यंत चौकात झळकत होती. आजोबांचा नातू पुण्यात इंजिनीअर आहे. त्यानं फोटो काढला, पण कुणाला काही बोलला नाही. खाली सर्वांत मोठा फोटो त्याच्या काकांचा होता.

हाऊसिंग सोसायट्यांच्या नोटिसाही तुमच्याकडेच टाइप होतात, नाही का? आमच्या इमारतीचा पंप बिघडला तेव्हा दोन दिवस पाणी येणार नाही अशी नोटीस लिफ्टशेजारी लागली. शेवटी गैरसोयीबद्दल दिलगिरी. 'इनकन्व्हीनियन्स' हा शब्द लिहिताना तुमची बोटं अडखळली असणार. कॉम्प्युटरनं खाली लाल रेघ ओढली, तुम्ही उजवं बटण दाबलंत आणि यादीत जो शब्द पहिला आला तो घेतलात. तो होता 'इनकॉन्टिनन्स'. लघवीवर ताबा नसण्याला डॉक्टर मंडळी हा शब्द वापरतात. म्हणजे व्यवस्थापक समितीनं आधी पाणी बंद केलं आणि मग आपल्याला लघवी आवरत नसल्याबद्दल सर्व सभासदांची क्षमा मागितली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त डॉक्टर त्या नोटिशीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग लिफ्ट न घेता जिन्यानं गेले.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूनं सांगायला हवी. कॉम्प्युटरची ती लाल रेघ फक्त शब्दकोशात नसलेल्या शब्दाखाली येते. अस्वल, मूल, तुकडा, ठोसेबाज हे सगळे पक्के इंग्रजी शब्द. तिथे रेघ कशी येईल? आमच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर 'उद्या सकाळी सगळ्यांना मसाज करतो' असं इंग्रजीत लिहिलं तेव्हाही फोननं हूं की चूं केलं नाही. मेसेजमधल्या पहिल्या ई च्या जागी ए आला, बस्स. आठ जणांनी अंगठा दाखवून संमतीही दिली. यंत्राला शब्द कळतो, इरादा कळत नाही. तो कळायला मध्ये एक माणूस बसवलेला असतो. ते तुम्ही.

यावर तुमचं उत्तर ठरलेलं आहे. "साहेब, मॅटरमध्येच तसं होतं." बरोबर. आणि या उत्तराला फार मोठ्या लोकांचा आधार आहे. १५ जून १९९२ रोजी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या ट्रेंटन गावी एका शाळेत गेले. बारा वर्षांच्या एका मुलानं फळ्यावर 'पोटॅटो' हा शब्द अगदी बरोबर लिहिला. क्वेलसाहेबांनी त्याला प्रेमानं सुचवलं की शेवटी काहीतरी राहिलंय, आणि त्या पोराला ई जोडायला लावला. पोरानं जोडला. समोर कॅमेरे होते. पुढे क्वेल यांची सारी राजकीय कारकीर्द त्या एका बटाट्याखाली गाडली गेली. त्यांचं म्हणणं काय, तर शाळेनं हातात दिलेल्या कार्डावरच तसं छापलेलं होतं! म्हणजे मॅटरमध्येच तसं होतं. महासत्तेचा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस जी सबब देतो, ती तुम्ही दिलीत तर मी कोण अडवणारा?

"आणि तुम्हीच ओके दिलं होतं." हे तुमचं दुसरं वाक्य. तेही खरं. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेनंही ओके दिलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी पन्नास डॉलरची नवी नोट काढली. तिच्यावर ईडिथ कोवन या तिथल्या पहिल्या महिला आमदारांचं चित्र आणि त्यांच्या भाषणातला मजकूर, भिंगाशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत. त्यात 'रिस्पॉन्सिबिलिटी' या शब्दातला शेवटचा आय गळाला होता, तोही एकदा नव्हे, तीनदा. हे उघडकीला आलं मे २०१९ मध्ये. तोवर तशा चार कोटी साठ लाख नोटा लोकांच्या हातात पोचल्या होत्या. चुकायला शब्द कुठला मिळावा, तर जबाबदारी! तुमच्या प्रूफवर आम्ही बसमध्ये लटकत, फोनच्या पडद्यावर एक नजर टाकून अंगठा पाठवतो. त्यांनी तर शांतपणे टेबलाशी बसून पाठवला असेल.

खरं सांगायचं तर या खटल्यात तुम्ही एकटे आरोपी नाही आणि पहिले तर मुळीच नाही. पहिला आरोपी तुमच्याच धंद्यातला होता. विल्यम कॅक्सटन यानं १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला. शब्द जसे ऐकू येत तसे तेव्हा लिहीत. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के लोक खरोखरच म्हणत आणि जी-एचसुद्धा घशातून काढत. छापखान्यात खिळे जुळले आणि स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. पण लोकांच्या जिभा थांबायला तयार नव्हत्या. पुढच्या दोनेकशे वर्षांत इंग्रजांचे सगळे दीर्घ स्वर जागा सोडून भलतीकडे जाऊन बसले आणि कागदावर मात्र जुनीच वस्ती राहिली. के मेला, जी-एच मेला, त्यांची नावं सात-बारावर तशीच. भुताच्या, म्हणजे 'घोस्ट'च्या, पोटात जो एच आहे तो बहुधा कॅक्सटनच्या काळात फ्लेमिश भाषेच्या वळणानं आत आला. तो इतकी वर्षं तिथून निघायचं नाव घेत नाही.

त्यानंतर आले विद्वान. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात आणि तो शब्द फ्रेंचमधून साधासरळ, ब शिवाय आलेला होता. पंडितांना आठवलं की लॅटिनमध्ये याच्या मुळाशी बी आहे, आणि त्यांनी तो बी मध्ये खुपसला, फक्त आपल्याला लॅटिन येतं हे दिसावं म्हणून. 'डाउट'मध्येही तसाच. बेटाला त्यांनी जो एस चिकटवला, तो तर चुकूनच. त्या शब्दाचा लॅटिनशी काडीचा संबंध नव्हता. कर्नलच्या स्पेलिंगात र औषधालाही नाही. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चार 'दो'मध्ये एक, 'थ्रू'मध्ये दुसरा, 'टफ'मध्ये तिसरा, 'कॉफ'मध्ये चौथा आणि झाडाच्या फांदीत पाचवा. असल्या घरात तुम्हाला पाचवीत नेऊन सोडलं आणि वर सांगितलं, चुकू नकोस.

हे सुधारायचा प्रयत्न कुणी केला नाही असंही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ साली सरकारी छापखान्याला हुकूम सोडला की तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगनं छापा. 'थ्रू' मधली शेपटी कापून टी-एच-आर-यू करा, वगैरे. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली, संसद आडवी आली आणि वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्षांना हुकूम मागे घ्यावा लागला. आज तुमच्या गिऱ्हाइकाचा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर बिनदिक्कत टी-एच-आर-यू लिहितो, तेव्हा तो एका राष्ट्राध्यक्षाचं अर्धवट राहिलेलं काम पुढे नेत असतो. याच भाषेची स्पेलिंगं घोकण्याची राष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेत भरते आणि २०१९ साली तिथे एकदम आठ मुलं विजयी ठरली, कारण परीक्षकांकडचे पुरेसे अवघड शब्द संपले. आठांतली सात भारतीय वंशाची. म्हणजे त्या भाषेची अडगळ जगात सर्वांत नीट पाठ करणारे आपलेच, आणि 'बिनट्यूबचा ठोसेबाज'वालेही आपलेच. मला दोघांचंही कौतुक आहे, पहिल्यांची थोडी कीवही येते.

शिवाय चूक कुणी केली यावरही बरंच असतं. खडकीला साहेबानं के-आय-आर-के-डबल ई लिहिलं आणि १८१७ची लढाई इतिहासात 'किर्की'ची म्हणून नोंदली गेली. शीव त्याला म्हणता आलं नाही, तिचं सायन झालं आणि रेल्वेनं त्याच्या पाट्या रंगवल्या. शिंद्यांचे सिंधिया झाले आणि ते घराणं आजही तसंच सही करतं. याला कुणी स्पेलिंगची चूक म्हणत नाही, याला इतिहास म्हणतात. साहेब कानानं लिहितो तेव्हा नकाशे बदलतात. तुम्ही कानानं लिहिता तेव्हा तुमच्या पाटीचा फोटो काढून लोक हसायला पाठवतात.

आणि हसणारे कोण? ज्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'हार्दीक' शुभेच्छांची दी दीर्घ असते आणि खाली 'शुभेच्छूक' म्हणून पन्नास चेहरे उभे असतात, ते. ती चूक त्यांना दिसतही नाही. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत करणं बंधनकारक झालं, आणि २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा तुमच्या धंद्याची दिवाळी झाली. इंग्रजीचं स्पेलिंग एकदाचं सुटलं म्हणून मीही खूश झालो. तुम्ही 'द रॉयल फॅशन हब अँड मेन्स वेअर' सगळंच्या सगळं देवनागरीत लिहून दिलंत.

तेव्हा पाट्यांच्या बाबतीत, दादा, माझी तक्रार नाही. पाटी चुकली तर माणूस हसतो आणि मग टायर, केस किंवा भूक जे काही घेऊन आला असेल ते घेऊन आत शिरतो. माझं तुमच्याशी खरं भांडण आहे ते तुमच्या दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून. जिथे ते सरकारी संकेतस्थळ गरगरतंय ना, तिथे.

कारण तिथे तुम्ही माणसांची नावं टाइप करता, आणि तेही त्याच तासाभराच्या हिशेबानं. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. महाराष्ट्रात आपण ज्ञचा उच्चार द्न्य करतो, म्हणून डी-एन-वाय. हिंदीच्या सवयीनं लिहिणारा जी-वाय लिहितो. संस्कृत जाणणारा जे-एन. तिन्ही आपापल्या जागी बरोबर. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं आणि पॅनवर तिसरं आलं की कॉम्प्युटरच्या लेखी ते तीन वेगळे इसम होतात आणि त्यांतल्या एकालाही कर्ज मिळत नाही. गायकवाडमध्ये के आणि डब्ल्यूच्या मध्ये ए घालायचा की नाही, सुनीताला डबल ई की आय, हे तुम्ही त्या क्षणी बोट जाईल तसं ठरवता. समोर उभी असलेली मावशी इंग्रजी वाचू शकत नाही. तुम्ही स्क्रीन तिच्याकडे वळवता आणि विचारता, "बघा, बरोबर आहे ना?" ती मान हलवते. याला तुम्ही ओके म्हणता!

त्या एका ए चं पुढे काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पॅन आणि आधार जोडायचं तर नावं जुळावी लागतात. शाळेच्या कागदावरची चूक दुरुस्त करायला शाळा बोर्डाकडे बोट दाखवते आणि बोर्ड शाळेकडे. शेवटी प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नाव छापून आणावं लागतं. ते राजपत्र काढणाऱ्या खात्याचं नाव शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय. म्हणजे पुन्हा स्टेशनरीच. आणि राजपत्राचा तो अर्ज भरायला माणूस कुठे येतो? तुमच्याकडे. नाव चुकवायचे पैसेही तुम्हाला आणि दुरुस्तीचेही तुम्हाला. असला धंदा कॅक्सटनलाही सुचला नव्हता.

नावातल्या एका अक्षराची किंमत कुठवर जाते म्हणून विचाराल, तर २००९ साली ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयानं 'टेलर अँड सन' नावाची एक कंपनी दिवाळखोरीत निघाल्याची नोंद करताना शेवटी एक एस जास्त घातला. त्यामुळे कार्डिफमधली 'टेलर अँड सन्स' ही शंभरहून अधिक वर्षांची धडधाकट कंपनी कागदोपत्री बुडाली. नोंद दुरुस्त होईपर्यंत बातमी पसरली होती. पुरवठादारांनी उधारी बंद केली, गिऱ्हाइकं पळाली, आणि कंपनी खरोखरच बुडाली. २०१५ साली न्यायालयानं त्या कार्यालयाला जबाबदार धरलं. भरपाईची मागणी होती सुमारे ९० लाख पौंडांची. तिथे कोर्टात दाद लागली. तुमच्या समोरच्या मावशीला शंभर-दोनशेची पावती मिळते, तीही कधी मिळते, कधी नाही.

आणि काम वाढतच चाललंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचंही नाव घालायचं आहे. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय उत्तम आहे. पण नाव आता चार शब्दांचं झालं, म्हणजे प्रत्येक बाळामागे तुम्हाला चुकायला चार जागा झाल्या.

तेव्हा निकाल असा. बालबिअर, बिनट्यूबचा ठोसेबाज, शॉपी, शेजवान आणि विहिरी, ये या सर्व गुन्ह्यांतून तुमची सन्मानानं मुक्तता. आजोबांच्या तुकड्यांबद्दल समज. नावांच्या बाबतीत मात्र माफी नाही, आणि एक विनंती आहे.

नाव टाइप करायचं असेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचं मॅटर बघू नका, मूळ कागद मागा. जन्मदाखला असेल तर तो, नाहीतर दहावीचं प्रमाणपत्र. कागदावर अक्षर असेल तसंच घ्या, तुमच्या कानाला कितीही चुकीचं वाटलं तरी. प्रूफ स्क्रीनवर दाखवू नका, छापून हातात द्या. झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलंत तरी चालेल. समोरच्या माणसाला इंग्रजी येत नसेल तर एकेक अक्षर मोठ्यानं वाचून मूळ कागदाशी जुळवा. मागे रांग असली तरी जुळवा. एका नावाला दोन मिनिटं लागतात.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच रांगेतला एक